भीतीची थट्टा आणि बघ्यांची तालीम

प्रेतयात्रा समोरून येताना दिसली तर तमाशातला ढोलकीवालादेखील क्षणभर हात आखडतो. सभ्यतेची संहिता त्याने वाचलेली नसते आणि त्याच्या पाठीशी कोणी पोलीसही उभा नसतो. हसण्याची जागा कोणती आणि न हसण्याची कोणती, एवढे त्याला उपजत कळते. आमच्या देशातील जाहिरातीच्या धंद्यापाशी पैसा आहे, विद्वत्ता आहे, मोठमोठ्या शहरांत काचेच्या कचेऱ्या आहेत. नाही ते फक्त हे ढोलकीवाल्याचे शहाणपण. स्त्रीवरील बलात्कार हा या धंद्याने विनोदाचा विषय ठरविला आणि त्या विनोदाच्या जोरावर बाटल्या विकावयास काढल्या. हा आरोप कठोर आहे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच तो पुराव्यानिशी करीत आहोत.

जून २०२२ च्या पहिल्या आठवड्यात, इंग्लंड व न्यूझीलंड यांच्यातील कसोटी सामन्याचे प्रक्षेपण चालू असताना, ‘लेअर शॉट’ नावाच्या एका सुगंधी फवाऱ्याच्या जाहिराती लोकांच्या दृष्टीस पडल्या. एका जाहिरातीत दुकानात एक तरुणी उभी आहे. तिच्या पाठीमागे चार तरुण येऊन ठाकतात आणि आपसांत हिशेब करतात की आपण चौघे आणि इथे एकच, तेव्हा ‘शॉट’ घ्यावयाचा कोणी? ती दचकून मागे वळते. मग आपणांस दाखविण्यात येते की तरुणांचे बोलणे तिच्याविषयी नसून फळीवर उरलेल्या एकुलत्या एका बाटलीविषयी होते. दुसऱ्या जाहिरातीत तरुण-तरुणी शयनगृहात बसलेली असताना मित्रांचे टोळके आत घुसते. ‘शॉट’ मारला काय, अशी पृच्छा होते, होकार मिळतो, आणि आता आमची पाळी, असे म्हणत टोळक्यातला एक जण पुढे सरसावतो. मुलीचा चेहरा भीतीने पांढरा पडतो. पुन्हा तीच बाटली, पुन्हा तोच सुटकेचा निःश्वास, आणि पुढे मालाचे नाव.

या जाहिरातींविरुद्ध गहजब झाला हे खरे. दिल्ली महिला आयोगाने आवाज उठविला. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने ४ जून २०२२ रोजी ट्विटर व यूट्यूब यांस त्या चित्रफिती काढून टाकावयास लिहिले. जाहिरात मानक परिषदेने प्रक्षेपण स्थगित करण्याची सूचना दिली. कंपनीने माफीचे पत्रक काढले. तेव्हा एखादा वाचक म्हणेल की जाहिरात गेली, माफी आली, आता हे मढे पुन्हा उकरण्यात काय हशील? आमचे उत्तर असे की जाहिरात गेली. पण तिने जे शिकविले ते गेलेले नाही. आणि नवल असे, की ज्यांनी माफी मागितली त्यांनी व ज्यांनी बंदी घातली त्यांनीही, तो धडा नेमका कोणता होता हे ओळखलेच नाही.

त्या विनोदाचे यंत्र खोलून पाहा. चार आणि एक हा हिशेब ऐकून प्रेक्षकाच्या मनात जे येते, ते आल्याशिवाय विनोद घडूच शकत नाही. ज्या देशात सामूहिक बलात्कार ठाऊकच नाही, अशा एखाद्या काल्पनिक देशात ही जाहिरात दाखविली, तर तेथील माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतील. चार माणसांनी एक बाटली पाहिली यात हसण्यासारखे काय आहे, हे त्यांना कळणार नाही. म्हणजे बाटली खपावयाची ती त्या गुन्ह्याच्या भांडवलावर. प्रथम प्रेक्षकाने बलात्काराची कल्पना करावयाची, मग मुलीच्या तोंडावरचे भय पाहावयाचे, आणि शेवटी ‘छे, तसे काही नव्हतेच!’ म्हणून हसावयाचे. हसू कोणाचे होते? त्या चौघांचे नाही. ते तर निर्दोष ठरले. हसू झाले ते घाबरलेल्या मुलीचे. तिची भीती हीच चूक ठरली, तिचा गैरसमज हाच विनोद ठरला.

आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म येथे आहे. स्त्रीची भीती हा तिचा गैरसमज असतो, हे या जाहिरातींचे शिकविणे आहे. आणि हे ज्या देशात शिकविण्यात आले, त्या देशाची स्थिती काय आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबाप्रमाणे २०२१ या एका वर्षात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदले गेले. दिवसाला सरासरी ८६ हून अधिक. त्यांपैकी शेकडा ९६ हून अधिक प्रकरणांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा होता. शयनगृहात घुसणारे ‘मित्र’ ही कोणा लेखकाला सुचलेली गंमत आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. ही मोजदादही पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्यांचीच. जी चढलीच नाही तिची गणती कोण करणार? हैदराबादेत २८ मे २०२२ रोजी एका अल्पवयीन मुलीवर मोटारीत सामूहिक अत्याचार झाला. ज्या दिवसांत ती बातमी देशभर पसरत होती, त्याच दिवसांत चार आणि एक यांचा हा हिशेब आमच्या दिवाणखान्यांतून घुमत होता. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांतही तेव्हा हाच दूरचित्रवाणी संच चालू होता. त्या घरांतील आयांनी आपल्या मुलींकडे पाहून हसावयाचे होते की काय?

आता कंपनीचे माफीपत्र घ्या. त्याचा आशय थोडक्यात असा होता: रीतसर व आवश्यक त्या मंजुऱ्या घेऊनच आम्ही जाहिराती प्रक्षेपित केल्या, कोणाच्या भावना दुखवाव्यात अथवा कोणा स्त्रीचा विनयभंग व्हावा असा आमचा हेतू नव्हता, काही लोकांनी चुकीचा अर्थ काढला, तरीही कोणी दुखावले असेल तर आम्ही क्षमा मागतो. वाचकहो, या पत्राची रचना ओळखीची वाटत नाही काय? ही तर जाहिरातच पुन्हा घडली! पडद्यावर मुलगी घाबरली, तर तिचा गैरसमज. घरात बसलेल्या हजारो स्त्रिया संतापल्या, तर त्यांचाही गैरसमज. तिथे चौघे निर्दोष, इथे कंपनी निर्दोष. चूक काय ती पाहणारीच्या डोळ्यांची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशाच, फरक इतकाच की या बोंबा क्षमायाचनेच्या गोड आवाजात मारलेल्या होत्या.

मंजुऱ्यांचा उल्लेख तर अधिकच चिंतेत टाकणारा आहे. कल्पना कोणी मांडली, ती कोणी लिहून काढली, मालकाने ती वाचून मान डोलाविली, दिग्दर्शकाने नटांना समजावून सांगितली, नटीला घाबरल्याचा अभिनय कसा करावयाचा ते शिकविले, संकलकाने ती भीती नेमकी किती क्षण दिसावी हे ठरविले, आणि शेवटी वाहिनीच्या कचेरीत ती तपासून तिच्यावर संमती पडली. इतक्या हातांतून, इतक्या सुशिक्षित डोळ्यांखालून ती गेली. यांपैकी एकालाही थांबावेसे वाटले नाही, आणि वाटले असेल तर त्याच्या शब्दाला किंमत मिळाली नाही. एका माणसाचा दुष्टपणा समजू शकतो. सगळ्या साखळीचा हा आंधळेपणा अधिक भयंकर आहे, कारण त्याला कोणी गुन्हेगार म्हणत नाही. त्याला ‘सर्जनशीलता’ म्हणतात आणि त्याला मानचिन्हे मिळतात.

हा अपवाद होता, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीच्या बसमध्ये जे घडले त्याने सारा देश हादरला. मार्च २०१३ मध्ये संसदेची दोन्ही सभागृहे बलात्काराचा कायदा अधिक कडक करीत होती, आणि त्याच दिवसांत ‘फिगो’ मोटारीच्या नावाने केलेले एक चित्र जगासमोर आले. मोटारीच्या डिकीत हातपाय बांधलेल्या, तोंडात बोळे कोंबलेल्या तीन स्त्रिया. पुढे विजयाची खूण करणारे इटलीचे माजी पंतप्रधान बेर्लुस्कोनी. आणि तात्पर्य असे की डिकी इतकी ऐसपैस आहे, चिंता मागे टाका! मोटार कंपनीने व जाहिरात संस्थेने क्षमा मागितली. २०१५ साली अमेरिकेत ‘बड लाइट’ या बिअरच्या बाटलीवर असे छापून आले की ही बिअर रात्रीपुरता तुमच्या शब्दकोशातून ‘नाही’ हा शब्द काढून टाकते. तेथेही कंपनीला माघार घ्यावी लागली. पूर्वेस असो वा पश्चिमेस, रीत एकच: आधी फेकून पाहावयाचे, बोभाटा झाला तर माफी मागावयाची, आणि त्या बोभाट्यातही मालाचे नाव लोकांच्या तोंडी बसले म्हणून मनातल्या मनात हिशेब जमेचाच धरावयाचा.

आता कायद्याकडे वळू. येथे ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असा प्रकार आहे. स्त्रियांच्या असभ्य चित्रणास प्रतिबंध करणारा कायदा १९८६ साली झाला. त्याची व्याख्या स्त्रीच्या आकृतीभोवती, शरीराभोवती आणि नीतीच्या कल्पनेभोवती फिरते. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. दोन हजार रुपये! एवढ्यात त्या चित्रीकरणाच्या दिवशीचे चहापाणीही झाले नसेल. मे २०११ मध्ये याच सुगंधी फवाऱ्यांच्या जाहिरातींबद्दल मंत्रालयाने मानक परिषदेस पत्र लिहिले होते. तेव्हाचा आक्षेप उत्तानतेवर होता. अकरा वर्षांनी तोच माल, तीच धाटणी, आणि मंत्रालयाच्या पत्रात पुन्हा तीच भाषा: सभ्यता आणि नीती यांच्या दृष्टीने स्त्रीचे चित्रण अपायकारक.

पण दुकानातली ती मुलगी उघडी कोठे होती? तिच्या अंगभर कपडे होते. तिने कोणताही चाळा केला नाही. पदर किती ढळला हे मोजणाऱ्या पट्टीने त्या जाहिरातीत काहीच सापडले नसते, कारण तिच्यातला अपराध कपड्यांत नव्हता, तिच्या भीतीची किंमत शून्य ठरविण्यात होता. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांत स्त्रीची अवहेलना करणारे आणि तिला दुय्यम, शरणागत भूमिकेत दाखविणारे चित्रण निषिद्ध आहे, हे आम्हांस माहीत आहे. शब्द चांगले आहेत. परंतु हिंसेची थट्टा हा स्वतंत्र अपराध आहे, असे तेथेही कोणी स्पष्ट लिहिलेले नाही. आणि जे लिहिलेले आहे ते पाळले जावे यासाठी दर वेळी लोकांनाच आरडाओरडा करावा लागतो. १९८५ साली स्थापन झालेली मानक परिषद ही तर जाहिरातीच्या धंद्यानेच स्वतःवर नेमलेली राखणदार. कुंपण आणि शेत यांचा मालक एकच असला म्हणजे राखण कितपत होणार?

येथे आम्हांस आपल्याच माणसांशीही चार शब्द बोलावयाचे आहेत. असल्या जाहिरातींविरुद्ध लिहिले की काही मंडळी हर्षभरित होऊन पुढे येतात आणि म्हणतात, ‘बरोबर! संस्कृती बुडाली! मुलींचे कपडे पाहा, त्यांचे फिरणे पाहा!’ या मित्रांची साथ आम्हांस नको. बलात्काराची बातमी वाचून जो पहिला प्रश्न ‘ती तेथे कशाला गेली होती?’ असा विचारतो, तो त्या जाहिरातवाल्याचा सख्खा भाऊ आहे. एक तिच्या भीतीला हसतो, दुसरा तिच्या भीतीचा दोष तिच्याच पदरात घालतो. आमची भाषाही या पापातून मुक्त नाही. पुरुषाने बळजोरी करावयाची आणि कायद्याने म्हणावयाचे की तिचा ‘विनय’ भंगला. वृत्तपत्रांनी लिहावयाचे की तिची ‘अब्रू’ लुटली गेली. अब्रू कोणाची जावयास हवी होती? बळजोरी करणाऱ्याची. रस्त्यात वाट अडवून केलेल्या दांडगाईला आम्ही ‘छेडछाड’ असा लाडिक शब्द दिला आहे. अशा शब्दांवर वाढलेल्या समाजात ‘शॉट’चा श्लेष सुचण्यास मोठी प्रतिभा लागत नाही.

यावर धंद्याचा ठरलेला युक्तिवाद असा, की जाहिरात पाहून कोणी बलात्कार करावयास निघत नाही. हे आम्ही मान्य करतो. बाटली विकत घेणारा प्रत्येक तरुण नराधम होतो असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल, आणि तरुणांचा तो अपमानही होईल. पण जाहिरात गुन्हेगार घडवीत नसली तरी बघ्ये घडविते. शंभर वेळा तीच भीती पाहून शंभर वेळा हसलेला माणूस एकशेएकाव्या वेळी खरी भीती समोर आली असता काय करील? तो आधी थांबेल आणि मनाशी म्हणेल, ‘असेल काही तरी गंमत, हिचाच गैरसमज झाला असेल.’ त्या थांबण्यातच पुष्कळ मुलींचा घात होतो. आणि हाच बघ्या उद्या ठाणेदार होतो, पंच होतो, मुख्याध्यापक होतो, कारखान्यातला साहेब होतो, आणि तक्रार घेऊन आलेल्या बाईला म्हणतो, ‘एवढे मनावर घेऊ नका.’

बघ्यांची गर्दी काय करू शकते, किंवा काय करीत नाही, हे पाहण्यास आम्हांस दूर जावे लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या बेळगाव तालुक्यातल्या एका गावात, मुलगा एका मुलीला घेऊन निघून गेला या रागापायी त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधण्यात आले. उच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली आणि नुसते पाहत उभ्या राहिलेल्या लोकांविषयी तीव्र उद्वेग व्यक्त केला. ती माउली कोणत्या भाषेत ओरडली असेल, हे विचारण्याचा तो प्रसंग नव्हता आणि आजही नाही. सीमेचा लढा आम्ही प्राणपणाने लढतो. परंतु स्त्रीच्या आकांताला सीमा नसते, हे ज्याला उमगत नाही त्याने आमच्या झेंड्याखाली उभे राहू नये. त्या गर्दीला कोणा जाहिरातीने तेथे आणले असे आम्ही म्हणत नाही. आम्ही इतकेच म्हणतो की ज्या समाजात अशी गर्दी जमू शकते, त्या समाजात स्त्रीच्या भीतीवर हसण्याची तालीम देणे हा आगीशी खेळ आहे.

आणि भीतीवर विश्वास न ठेवण्याचे फळ काय असते, हे महाराष्ट्राने पूर्वीच पाहिले आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. मथुरा खटला या नावाने तो इतिहासात गेला. नागपूरच्या खंडपीठाने पोलिसांस दोषी ठरविले. परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, कायद्याला अभिप्रेत असलेली भीती सिद्ध झालेली नाही! रात्रीची वेळ, पोलीस ठाणे, दोन शिपाई आणि एक गरीब पोर. तरी भीती सिद्ध होत नाही! या निकालाविरुद्ध उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेपंडितांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. स्त्रीच्या भीतीला न्यायाच्या दरबारात जागा मिळावी यासाठी एवढी झुंज द्यावी लागली. ती जागा तीस सेकंदांच्या थट्टेने काढून घेण्याचा अधिकार या बाटलीवाल्यांना कोणी दिला?

अभिव्यक्तिस्वातंत्र्याने दिला, असे ते म्हणतील. व्यापारी जाहिरात हीदेखील अभिव्यक्तीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटले आहे, हे खरे. ज्या पत्राने सत्तेच्या रोषाला तोंड देत मराठीचा शब्द जिवंत ठेवला, ते पत्र स्वातंत्र्याची किंमत कोणाकडून शिकणार नाही. परंतु राज्यघटनेने या स्वातंत्र्याला वाजवी मर्यादाही सांगितल्या आहेत. शिवाय कवीचे, वक्त्याचे, पत्रकाराचे स्वातंत्र्य निराळे आणि पैसे मोजून विकत घेतलेली जागा निराळी. कादंबरीत बलात्काराचे चित्रण येईल, नाटकात येईल. ते अस्वस्थ करील, विचार करावयास लावील, आणि आम्ही त्याचे रक्षण करू. जाहिरातीला वाचकाने विचार करावयास नकोच असतो. त्याने बाटली उचलावी, एवढेच हवे असते. आणि पुस्तक आम्ही निवडून वाचतो, ही थट्टा मात्र सामन्याच्या मध्येच, आजी आणि नात शेजारी बसलेली असताना, विचारल्याविना घरात शिरते.

सीमाभागातील माणसाला हे सारे समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. तुमचे गाऱ्हाणे म्हणजे तुमचा गैरसमज, हे वाक्य १ नोव्हेंबर १९५६ पासून आम्ही ऐकत आलो आहोत. ठराव केले तर गैरसमज, मोर्चे काढले तर अतिरेक, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा गेला तर म्हणे जुन्या गोष्टी कशाला उकरता! दुःख सांगणाऱ्याला त्याचे दुःखच नाही म्हणून सांगणे, हा अन्यायाचा सर्वांत जुना डाव आहे. तो डाव आमच्यावर खेळला गेला तेव्हा ज्यांच्या तळपायाची आग मस्तकास गेली, त्यांनीच आपल्या लेकी-सुनांवर तो खेळला जात असता हसत बसावे काय? निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायाबापड्यांनी १९८० च्या सुमारास संघटना बांधली, ती मजुरीच्या प्रश्नाबरोबरच लैंगिक छळालाही तोंड फोडण्यासाठी. त्यांच्या लढ्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा लघुपट १९८२ साली दीपा धनराज आणि युगांतर या गटाने काढला. अक्षरओळख नसलेल्या त्या स्त्रियांनी आपली भीती खरी आहे हे वखारमालकांच्या तोंडावर सांगितले. त्यांच्या नातींनी ती दूरचित्रवाणीवर चेष्टा म्हणून पाहावी, यासाठी नव्हे.

तेव्हा करावयाचे काय? नुसता निषेध करून घरी जाणे हा या पत्राचा बाणा नाही. आमच्या मागण्या अशा. पहिली, स्त्रीवरील हिंसेला विनोद वा मोहकता यांचे रूप देणारी जाहिरात हा स्वतंत्र अपराध ठरवावा, आणि त्याचे माप कपड्यांवरून नव्हे तर भीतीवरून घ्यावे. दुसरी, दंड दोन हजारांचा नसावा. प्रक्षेपणावर जितका खर्च केला त्याच्या पटीत असावा. तिसरी, अशी जाहिरात जितक्या वेळा दाखविली तितक्याच वेळा, त्याच वेळेला, त्याच वाहिनीवर चुकीची स्पष्ट कबुली दाखविण्याची सक्ती व्हावी, आणि ‘काहींनी चुकीचा अर्थ काढला’ असले शेपूट तिला जोडू देऊ नये. चौथी, तपासणीचे काम धंद्याच्या हाती न ठेवता ज्यांत स्त्रियांचे बहुमत असेल अशा स्वतंत्र मंडळाकडे द्यावे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल; आजही हाती काही आहे. केबल दूरचित्रवाणीच्या १९९५ च्या कायद्याप्रमाणे जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे अधिकृत अधिकारी आहेत, आणि जाहिरात-संहितेचा भंग करणारे प्रक्षेपण थांबविण्याचा हुकूम त्यांस काढता येतो. कचेरीची वाट आमच्या पायांना नवी नाही. महिला मंडळांनी, तरुण मंडळांनी, शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींनी अशी जाहिरात दिसताच निवेदन घेऊन तेथे जावे, आणि ते मराठीतच द्यावे. मानक परिषदेकडे तक्रार साध्या नागरिकालाही करता येते. तीही जरूर करावी, निदान राखणदाराची झोप तरी मोडेल. गणेशोत्सव मंडळांनी देणगीच्या मोहाने मांडवात असले फलक लावू नयेत. दुकानदारांनी असले भित्तिपत्रक दाराशी चिकटवू देऊ नये. वृत्तपत्रांचा संसार जाहिरातींवर चालतो, हे आम्ही लपवीत नाही, आणि म्हणूनच जाहीर करतो की असली जाहिरात कितीही दराने आली तरी या पत्राच्या पानावर तिला बोटभर जागा मिळणार नाही.

शेवटचे मागणे पुरुषांकडे आहे, कारण असा विनोद टिकतो तो त्यांच्या हशावर. घरात, चहाच्या दुकानात, सामन्याच्या वेळी, असली जाहिरात लागली आणि शेजारचा हसला, तर त्याला विचारा, ‘यात हसण्यासारखे काय आहे, ते मला समजावून सांग.’ त्याला सांगता येणार नाही, कारण सांगू गेल्यास बलात्कार हा शब्द त्याला स्वतःच्या तोंडाने उच्चारावा लागेल. तो उच्चारताच थट्टा संपते. सत्तेच्या दरबारात आपला शब्द खरा आहे हे सांगत ज्या समाजाने इतकी वर्षे काढली, त्याने आपल्याच घरातल्या घाबरलेल्या मुलीला एवढे तरी म्हणावे: पोरी, तुझी भीती खरी आहे, आणि तिच्यावर हसणाऱ्याशी आमची गाठ आहे!